आपल्या दिवसाचा भाव

गेल्या महिन्यात कोंढव्याला माझ्या बहिणीकडे गेले होते. भाचीसाठी एकाच आठवड्यात दोन रिश्ते आले होते. एक मुलगा आयटीत, खराडीला, महिना 80,000. दुसरा एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारा. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, स्वतःची छोटी गाडी, हाताखाली एक मुलगा. दोन्ही घरं चांगली, दोन्ही मुलं निर्व्यसनी. पण चहा यायच्या आतच निकाल लागून गेला होता. आपा मला म्हणाली, "एसीवाल्यांना नाही कसं कळवायचं तेवढं सांग. तू लिहितेस ना."

मी म्हटलं, कळवू या, पण आधी दोघांचा वर्षाचा हिशेब तरी मांडू.

दुल्हाभाईंनी आयटीवाल्या मुलाच्या मामूंना फोन लावला. मुलगा ज्या मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसतो, त्या कंपनीचा तो नोकर नाही. मधल्या एका एजन्सीमार्फत सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करतो. पगाराची स्लिप नसते. दर महिन्याला तोच बिल देतो आणि 10 टक्के टीडीएस कापून रक्कम जमा होते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. गेल्या वर्षी दोन करारांच्या मध्ये अडीच महिने तो घरीच होता. यातलं काहीही त्यांनी लपवलं नव्हतं. आपण विचारलंच नव्हतं. 'आयटी' ऐकलं की आपले पुढचे प्रश्न संपतात.

आता हिशेब. बारा महिने 80,000 म्हणजे 9 लाख 60 हजार. अडीच महिने वजा केले की 7 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 63,000. टीडीएस ही कर म्हणून आधीच कापलेली रक्कम आहे, विवरणपत्र भरलं की जास्तीची परत मिळते, म्हणून ती मी धरली नाही. पण कायम नोकरीत मूळ पगाराच्या 12 टक्के मालक पीएफमध्ये घालतो. ते याचं यालाच बाजूला काढायला हवं. आजारपणाचा खर्चही याचाच.

एसीवाल्या मुलाकडे वही होती, याचं मला कौतुक वाटलं. मार्च ते जून हे चार महिने गॅस, पेट्रोल, सुटे भाग आणि हाताखालच्या मुलाची मजुरी जाऊन महिन्याला 70,000 च्या आसपास उरतात. पावसाळ्याचे तीन महिने जेमतेम 25,000. उरलेले पाच महिने 40,000. बेरीज 5 लाख 55 हजार, म्हणजे महिन्याला 46,000.

आयटीवाला पुढे आहेच. हाताचं काम करणारा आता संगणकवाल्यापेक्षा जास्त कमावतो असं हल्ली ऐकायला मिळतं, ते या दोघांच्या बाबतीत तरी खरं नाही. पण आपाच्या मनात 80,000 विरुद्ध 'काहीतरी फुटकळ' असा सामना होता. कागदावर तो 63 विरुद्ध 46 असा निघाला, आणि दोघांनाही कायम नोकरी नाही हेही निघालं. दोघंही कंत्राटीच. एकाच्या गळ्यात ओळखपत्र आहे इतकंच.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. आपल्या दिवसाला काय भाव आहे, हे एसीवाल्याला पक्कं माहीत आहे. ग्राहक देतो ते त्याच्याच हातात येतं. आयटीवाल्या मुलाच्या एका दिवसासाठी ती मोठी कंपनी एजन्सीला किती देते, हे मामूंनाही माहीत नव्हतं आणि मुलालाही नाही. ग्राहक एजन्सीचा. करार संपला की हा पुन्हा रांगेत. एसीवाल्याकडे कॅम्पातल्या आणि भवानी पेठेतल्या दुकानांची, दवाखान्यांची वर्षभराच्या देखभालीची कामं आहेत. ती त्याची स्वतःची आहेत. उद्या त्याचा हातोडा मोडला तरी ती जात नाहीत.

कायम नोकरी तरी कुठे कायम राहिली आहे म्हणा. टीसीएसने जुलै 2025 मध्ये आपल्या मनुष्यबळातले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 च्या वर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांत त्या रात्री झोप नव्हती.

पण हाताच्या कामाचं गोडवे गाणारं लिखाण मला पटत नाही. दहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर पाय ठेवून जड युनिट बसवायचं, तेही बहुतेक वेळा पट्ट्याशिवाय. पन्नाशीत गुडघे काय म्हणतील? सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 2023 मध्ये आली. तिच्या 18 व्यवसायांत सुतार, गवंडी, शिंपी आहेत, पण इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी मेकॅनिक नाहीत. शिवाय आपली मुलं बिल देत नाहीत, विवरणपत्र भरत नाहीत. मग गाडीसाठी कर्ज मागायला गेलं की बँकेच्या लेखी त्यांची कमाई शून्य. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा विमा योजना आहे. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावं, पण मुलगा पडला तर घर कसं चालेल, हा प्रश्न पुढे ढकलू नये.

थकलेल्या पैशांचं दुखणं मात्र दोघांचं एकच. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना देतो. एजन्सी साठ-साठ दिवस लावते, दवाखानेवाले 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात. यावर एक उपाय आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. नोंदणी असेल तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. बिल मात्र कागदावर हवं.

आणि आपण स्वतः? मागच्या एप्रिलमध्ये माझा एसी बंद पडला. मेकॅनिकने दहा मिनिटांत कपॅसिटर बदलला आणि पैसे सांगितले. 'दहा मिनिटांच्या कामाचे एवढे?' असं मी म्हणून गेले. दहा मिनिटांत दोष सापडावा म्हणून त्याने किती वर्षं घालवली, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. मॉलमध्ये मात्र मी कधी घासाघीस केलेली नाही.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. ती डी.फार्म. आहे, औषधांच्या दुकानात उभं राहून कमावते. ती म्हणाली, "खाला, दोघांनाही एकच विचारा. काम नसतं त्या महिन्यांत घर कशावर चालतं?"

आयटीवाल्या मुलाच्या अम्मींना प्रश्न आवडला नाही. मुलाने मात्र संध्याकाळी स्वतः फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की ते अडीच महिने अब्बांच्या पेन्शनवर निघाले, आता तो सहा महिन्यांचा खर्च वेगळा साठवतोय, अजून दोनच महिन्यांचा झालाय. एसीवाल्याकडून वही आली. जुलैच्या पानावर पाच ओळी होत्या, त्यातल्या तिघांपुढे 'बाकी' लिहिलेलं. हाताखालच्या मुलाची मजुरी मात्र दर शनिवारी दिलेली.

एसीवाल्यांना नाही कळवायचं पत्र मी अजून लिहिलेलं नाही. येत्या रविवारी दोन्ही घरची माणसं वेगवेगळ्या वेळी येणार आहेत, आणि या वेळी बोलणार भाची आहे.