‘वय झालं’ हे निदान नव्हे

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागली की घरात ठरलेलं उत्तर मिळतं, वय झालं! माझं म्हणणं असं की, हे म्हणण्याआधी त्या माणसाच्या छातीला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावलेला असला पाहिजे.

हृदयातून महाधमनीत रक्त जातं, त्या दारावर तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तिची उघडझाप होते. उतारवयात काहींच्या पाकळ्यांत कॅल्शियम साचतं, त्या जाड आणि कडक होतात, पुरत्या उघडत नाहीत, मग धाप लागू शकते. निरोगी झडपेची वाट 3 ते 4 चौरस सेंटिमीटर असते. ती 1 च्या खाली गेली की आजार गंभीर धरतात. जन्मतःच दोन पाकळ्या असलेल्यांना तो बराच आधी गाठतो.

कॅल्शियमचं नाव निघताच घरचे आधी दूध बंद करतात. ते उगाच. हा काही बोअरच्या पाण्याने नळाला धरलेला क्षार नव्हे. झडपेत चरबी शिरते, दाह होतो आणि तिथल्याच काही पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. रक्तातलं कॅल्शियम बहुतेकांचं नॉर्मलच असतं. धोका वाढवतात ते वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि मूत्रपिंडाचे आजार.

हे साचणं थांबवणारं औषध अजून नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर आशा होती, मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. झडप बदलणं हाच उपाय. पूर्वी त्यासाठी छाती उघडावीच लागे. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. ॲलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी घालून माणसाला नवी झडप बसवली, आणि मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांनाही आधार मिळाला. आपल्या मोठ्या शहरांतही हे होतं. खर्च मात्र अनेकांना परवडत नाही.

तरीही आजार वेळेत कळायलाच हवा. धाप, चालताना छातीत दुखणं, श्रमाने घेरी येणं अशी लक्षणं सुरू झाल्यावर उपचार न मिळालेल्या गंभीर रुग्णांपैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत दगावतात. अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा खरखरीत आवाज स्टेथोस्कोपमधून बहुधा ऐकू येतो. पुढची खात्री इको तपासणी करते. चेकअपच्या महागड्या पॅकेजआधी स्टेथोस्कोपची ही साधी तपासणी व्हावी.

आईवडिलांना बीपी दाखवायला न्याल तेव्हा डॉक्टरांना आवर्जून सांगा, छातीही नीट ऐका. आवाज आलाच तर इको पुढे ढकलू नका.