विश्लेषण : हात सुटले, पण जबाबदारी नाही! महामार्गावरील ‘हँड्स-फ्री’ गाड्यांचा अनुभव काय सांगतो?

महामार्गाला लागल्यावर एक बटण दाबायचे, स्टीअरिंगवरून हात काढायचे आणि गाडीने आपली आपण चालत राहायचे, ही सोय अमेरिकेत २०१७ पासून विकत मिळते. जनरल मोटर्सची ‘सुपर क्रूझ’ आणि २०२१ मध्ये आलेली फोर्डची ‘ब्लूक्रूझ’ ही त्यातली प्रमुख नावे. लांबच्या प्रवासात ही सोय अनेकांना हवीहवीशी वाटू लागली. मात्र २०२४ मध्ये अवघ्या आठ दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन अपघातांत तिघांचा बळी गेला आणि या यंत्रणेची चौकशी सुरू झाली.

ही यंत्रणा नेमके काय करते?

पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग कमी-जास्त करणे आणि गाडी मार्गिकेच्या मधोमध ठेवणे, ही तिची दोन मुख्य कामे. त्यासाठी रडार, कॅमेरे आणि आधीच तयार केलेले रस्त्यांचे तपशीलवार नकाशे वापरले जातात. म्हणूनच ती सगळीकडे चालत नाही, नकाशात असलेल्या रस्त्यांवरच चालते. आणखी एक कॅमेरा थेट चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो. नजर रस्त्यावरून हटली की आधी इशारा मिळतो, तरीही लक्ष दिले नाही तर यंत्रणा गाडीचा वेग उतरवू लागते. वाहन अभियंत्यांच्या शून्य ते पाच या वर्गवारीत या गाड्या ‘लेव्हल २’मध्ये मोडतात. म्हणजे हात मोकळे असले तरी कायद्याने गाडी माणूसच चालवत असतो.

चालकांना ती का आवडते?

पाच-सहा तासांच्या सरळसोट रस्त्यावर स्टीअरिंगला सतत बारीक झोका देत राहण्याने खांदे आणि डोके शिणते. तो शीण कमी होतो. थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीत तर अधिकच. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशा यंत्रणांत ब्लूक्रूझला पहिला आणि सुपर क्रूझला दुसरा क्रमांक दिला होता. कुरबुरी आहेतच. रस्त्याचे काम, पुसट पट्टे, समोरून येणारे कलते ऊन, तीव्र वळण अशा ठिकाणी यंत्रणा अचानक ‘स्टीअरिंग धरा’ म्हणते. जिथे चालवणे अवघड, नेमके तिथेच ती काम माणसाकडे सोपवते.

अपघातांत काय घडले?

२४ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे फोर्डची ‘मस्टँग माक-ई’ महामार्गाच्या मार्गिकेतच उभ्या असलेल्या मोटारीवर आदळली. त्या मोटारीचा चालक दगावला. ३ मार्चला पहाटेच्या अंधारात फिलाडेल्फियात पुन्हा तेच. थांबलेल्या वाहनाला धडक, दोघांचा मृत्यू. या दुसऱ्या घटनेत चालकावर नशेत गाडी चालवल्याचा आरोप ठेवला गेला, त्यामुळे सारे खापर यंत्रणेवर फोडता येणार नाही. पण दोन्ही वेळी अंधार होता, गाडी ताशी ११२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगात होती आणि समोरचे वाहन स्थिर होते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये प्राथमिक चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. सुमारे १ लाख २९ हजार गाड्या तिच्या कक्षेत आल्या.

एवढी मोठी गाडी यंत्रणेला दिसत कशी नाही?

‘दिसते, पण दखल घेतली जात नाही’ असे म्हणणे अधिक बरोबर. वेगातला फरक ओळखणे हे रडारचे बलस्थान. पण रस्त्याकडेचे फलक, पूल, लोखंडी कठडे हेही रडारला ‘स्थिर वस्तू’ म्हणूनच दिसतात. प्रत्येक फलकापाशी गाडीने करकचून ब्रेक मारला तर मागून येणारा ट्रक आदळेल. असे खोटे इशारे टाळण्यासाठी ताशी ६२ मैल, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगात असताना स्थिर वस्तूंना प्रतिसाद रोखण्याची रचना ब्लूक्रूझमध्ये केली असल्याचे चौकशीच्या कागदपत्रांतून समोर आले. ११२ च्या वेगात गाडी सेकंदाला ३१ मीटर जाते. हात मांडीवर असलेल्या माणसाला धोका ओळखून स्टीअरिंग धरायला दोन सेकंद लागले, तरी साठ मीटर निघून गेलेले असतात.

मग प्रवास सुरक्षित होतो की नाही?

तसा ठोस पुरावा अजून नाही. विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा संस्थेने मार्च २०२४ मध्ये १४ यंत्रणा तपासल्या. कसोटी होती चालकाला सावध ठेवण्याची. अकरा यंत्रणा ‘निकृष्ट’ ठरल्या आणि त्यांत ब्लूक्रूझही होती. केवळ एका यंत्रणेला ‘स्वीकारार्ह’ शेरा मिळाला. आपोआप ब्रेक लावणाऱ्या साध्या यंत्रणेमुळे मागून धडक बसण्याचे प्रमाण घटल्याचे दिसते, मात्र गाडी मार्गिकेत ठेवणाऱ्या अर्धस्वयंचलित यंत्रणेने त्यात भर घातल्याचे याच संस्थेच्या अभ्यासात आढळले नाही. कारण मानवी आहे. तासन् तास काही न करता नुसते लक्ष ठेवणे माणसाला जमत नाही, आणि यंत्रणा जितकी सफाईने चालते तितके ते आणखी कठीण होते.

नजरही हटवण्याची मुभा देणारी ‘लेव्हल ३’ गाडी मर्सिडीजने जर्मनीत २०२२ मध्ये आणली. त्यात यंत्रणा सुरू असताना चालवण्याची जबाबदारी तिच्याकडे असते. म्हणूनच की काय, तिची वेगमर्यादा सुरुवातीला ताशी ६० आणि नंतर ९५ किलोमीटर अशी राखली गेली.

महाराष्ट्रातील चालकांनी याकडे का पाहावे?

आपल्याकडे २०२१ पासून मध्यम किमतीच्या गाड्यांतही ‘अडास’ आले. मार्गिका राखणे, अंतर राखणे ही कामे त्याही करतात, पण हात स्टीअरिंगवर ठेवूनच. तरीही मांडी घालून ‘रील’ काढणारे आणि हात असल्याचा भास व्हावा म्हणून स्टीअरिंगला वजन अडकवणारे महाभाग कमी नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १०० पर्यंत. दिवे बंद करून मार्गिकेत किंवा कडेला उभा असलेला नादुरुस्त ट्रक हा या रस्त्यांवरचा जुनाच धोका. अमेरिकेतल्या त्या दोन्ही गाड्या अशाच स्थिर वाहनांवर आदळल्या होत्या.