टाकीचा नकाशा काढणारा हातही जबाबदार आहे

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत एका खासगी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या सफाईसाठी उतरलेले चार तरुण कामगार गुदमरून मेले. आधी उतरलेले वर येईनात म्हणून मागचे उतरले, आणि तेही संपले. पाचच दिवसांनी भीमजयंती होती. मिरवणुका निघाल्या, डीजे वाजले. त्या चौघांसाठी आपल्यापैकी किती जण रस्त्यावर उतरले?

ही पहिली वेळ नव्हती. मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात एका गृहसंकुलाच्या सेप्टिक टाकीत तीन कामगारांचा असाच जीव गेला होता. दर वेळी तेच होते. ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो, पुढारी शोक व्यक्त करतात, नुकसानभरपाईची मागणी होते आणि विषय मिटतो. चर्चा ठेकेदारापाशी सुरू होते आणि ठेकेदारापाशीच संपते. मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ती टाकी आखली कुणी?

टाकी जमिनीतून उगवत नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि अशा मंजुरीत सांडपाण्यावर जागेवरच प्रक्रिया करण्याची अट सहसा असते. म्हणजे मोठ्या संकुलाच्या पोटात एक टाकी आलीच. तिची लांबी, रुंदी, खोली इंजिनिअर ठरवतो. झाकण केवढे, पंप कुठे, हवा कुठून, हे तोच ठरवतो. गाळ साचणार हे त्याला ठाऊक असते. तो गाळ कोण काढणार, हे नकाशात लिहिलेले नसते. लिहायची गरजच वाटत नाही, कारण या देशात त्या कामासाठी माणसे जन्मानेच नेमून दिलेली आहेत असे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. कागदावर जी जागा कोरी सुटते, ती जात भरून काढते.

कुणी म्हणेल, इथे जात कशाला आणता? विरारच्या त्या चौघांची जात कोणती होती? मी त्यांची जात सांगत नाही, त्या कामाची जात सांगतो आहे. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद झाली, त्याचे आकडे २०२४ मध्ये बाहेर आले. त्यात ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. ओबीसी आणि आदिवासी धरून हा आकडा जवळपास ९२ टक्क्यांवर जातो. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत अशा सफाईत देशभर किमान ३७७ माणसे मेली, ही सरकारचीच आकडेवारी आहे. जे काम पिढ्यान्‌पिढ्या एका वर्गावर लादले गेले, त्या कामातला जीव स्वस्त होतो. मग पोटासाठी तिथे कुणीही उतरला तरी त्याला तोच स्वस्त भाव मिळतो.

आता आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडे वळू. वसई-विरार आणि पालघर पट्ट्यात ती आहेत, आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतून आपली पोरे-पोरी तिथे शिकतात. सिव्हिलच्या मुलांना सांडपाणी हा पूर्ण विषय असतो. हायड्रोजन सल्फाइड हा वायू त्यांना तिथे भेटतो. तो पाइपाच्या छताचे काँक्रीट कसे खातो, हे ते शिकतात. पण तोच वायू हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साठून राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते आणि माणसाला वाटते धोका टळला. आणखी वाढले की काही श्वासांत माणूस कोसळतो. काँक्रीटला किती वर्षांत इजा होते याचा हिशेब आहे, माणसाला किती श्वासांत होते याचा हिशेब परीक्षेत कधी मांडावा लागतो का?

यावर व्यवस्थेचे उत्तर तयार असते : आम्ही मूल्यशिक्षण देतो की! एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आहे. वैश्विक मानवी मूल्ये आहेत. स्वतःशी, कुटुंबाशी, समाजाशी, निसर्गाशी सुसंवाद कसा साधावा हे त्यात शिकवतात. आणि भारताचे संविधान? तो विषय सक्तीचा, पण श्रेयांक नसलेला. ज्याला श्रेयांक नाही त्या तासाला विद्यार्थी काय करतो, हे कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. राहिले रक्तदान शिबिर, वृक्षारोपण आणि एनएसएसचे श्रमदान. हे सगळे चांगलेच आहे. पण झाड लावणारा तोच हात उद्या ज्या टाकीत माणूस उतरवल्याशिवाय सफाई होत नाही अशी टाकी काढतो, तेव्हा त्या सुसंवादाला काय अर्थ उरतो? ज्या समाजात जात आहे, तिथे जातीचे नाव न घेता शिकवलेला सुसंवाद म्हणजे ज्याला उतरावे लागते त्याने गुपचूप उतरावे, एवढाच.

माझे म्हणणे एकच आहे. सामाजिक जबाबदारी वेगळ्या तासाला शिकवू नका, ती मूळ विषयात शिकवा आणि तिला गुण द्या. ज्या टाकीची नेहमीची सफाई माणूस आत गेल्याशिवाय होत नाही, ती टाकी चुकीची आहे. गणित बरोबर असले तरी चुकीची. तुळई भार पेलत नसेल तर विद्यार्थी नापास होतो, मग हा नकाशा काढणारा पास कसा होतो? हे अशक्य काही मागणे नाही. रुळावरून साखळीने वर ओढता येणारे पंप आहेत. गाळ एका बाजूला सरकावा म्हणून तळाला उतार देता येतो. गाळ उपसणारी गाडी टाकीपर्यंत पोहोचेल असा रस्ता ठेवता येतो. हे सगळे नकाशाच्या टप्प्यावर जमते. टाकी तळघरात बांधून झाल्यावर ते जमवणे फार अवघड आणि महाग.

‘मजुराची सुरक्षा ठेकेदाराकडे, आमचे काम तांत्रिक’ असे म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईवर बंदी घालते. पण त्याच कायद्यात ‘धोकादायक’ची व्याख्या सुरक्षा साधने न देता केलेली सफाई अशी आहे. म्हणजे मास्क आणि हातमोजे दिले की पळवाट मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये भरपाई ठरवली. न्यायालय मेल्यानंतरची किंमत वाढवू शकते. माणसाला आत उतरावेच लागू नये, ही सोय इंजिनिअरच्या पेन्सिलीतून निघते.

इंजिनिअर करू शकतो याचे उदाहरण आहे. २०१५ मध्ये कोझिकोडला मॅनहोलमध्ये दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक रिक्षाचालक मेला. त्यानंतर केरळच्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. हैदराबादेत २०१७ मध्ये दलित इंडियन चेंबरच्या सहभागातून ७० छोटी सफाई यंत्रे आली. यंत्र येणे ही अर्धी लढाई आहे. ते यंत्र कुणाच्या मालकीचे, ही उरलेली अर्धी.

मित्रांनो, आता थोडे आपल्याकडे बघू. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन देऊन अस्पृश्य मुलांच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. कशासाठी? आपल्यातल्या चार जणांना बंगले मिळावेत म्हणून? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला ते शिकलेल्यांबद्दल किती व्यथित होऊन बोलले, हे आपण दर जयंतीला ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. आपला इंजिनिअर बिल्डरकडे नोकरी करतो, तेव्हा तोही त्याच टाकीचा नकाशा काढतो. निळा झेंडा गाडीला आणि डोळ्यांवर झापड, हे चालणार नाही.

म्हणून मागण्या ठोस ठेवा. विरार आणि नालासोपाऱ्याच्या या घटना सांडपाण्याच्या विषयात अभ्यासासाठी लावा. ज्या रचनेत माणूस उतरवावा लागतो, तिला शून्य गुण द्या. तोंडी परीक्षेला अनुभवी सफाई कामगाराला मानधन देऊन परीक्षक म्हणून बसवा. त्याच्या एका प्रश्नाने जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही. आणि विद्यापीठाची वाट पाहू नका. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आपापल्या संकुलांतल्या टाक्यांची तपासणी करा. झाकण किती, गाडी पोहोचते का, वायू मोजायचे यंत्र आहे का, सफाई कोण करतो, हे लिहून काढा आणि ते वसई-विरार महापालिकेच्या टेबलावर ठेवा.

आपण सम्राट अशोकाच्या सोपाऱ्यात राहतो. १९५६ मध्ये, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, इथल्याच भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, पण खरे मंगल धम्माचरणात आहे आणि त्यात दास-सेवकांशी नीट वागणे येते, असा त्या लेखाचा आशय आहे. या भूमीत पाडव्याच्या मंगल दिवशी चार कामगार टाकीत मेले. येत्या १४ एप्रिलला स्तूपाला वंदन करायला जाल, तेव्हा जाण्याआधी आपल्या इमारतीच्या टाकीचा नकाशा मागून घ्या.

जय भीम! जय संविधान!