रोगाचे नाव कोण ठरवतो?

चुकीचे निदान म्हणजे एखाद्या डॉक्टरचा व्यक्तिगत प्रमाद, असे आपण समजून चालतो. परंतु चूक दरवेळी एकाच बाजूला झुकत असेल, तर ती चूक राहत नाही; तो हिशेब होतो. उपनगरांतील कामगाराला धाप लागली की त्याच्या कागदावर ‘क्षय’ लिहिले जाते, नाही तर ‘जुनाट ब्राँकायटिस’. क्षय असेल तर दोष जंतूंचा, ब्राँकायटिस असेल तर दोष विडीचा. कारखान्यातील धुळीचा दोष मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स या अ‍ॅस्बेस्टॉस वापरणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घ्या. तो बंद होण्याच्या मार्गावर असताना डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी कामगार संघटनांना सोबत घेऊन तेथील कामगारांची तपासणी केली. कामाचा पूर्वेतिहास, छातीचे क्ष-किरण चित्र आणि फुप्फुसांच्या कार्यशक्तीची चाचणी, एवढीच मुख्य साधने. १८१ जणांपैकी ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत त्यांनी स्पष्टच लिहिले आहे की, डॉक्टर हा रोग जाणूनबुजून क्षय किंवा ब्राँकायटिस ठरवतात. आणि देशातील अंदाजे एक लाख अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांपैकी तोवर तिसांहूनही कमी जणांना नुकसानभरपाई मिळाली होती.

खोकला, धाप, खंगत जाणे ही लक्षणे या सर्वच रोगांत आढळतात, असा युक्तिवाद केला जाईल. तो मान्य. पण म्हणूनच ‘आजवर कोठे आणि काय काम केलेत?’ हे विचारणे अगत्याचे ठरते. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरीही हा प्रश्न टाळला जातो, कारण त्याचे उत्तर मालकाच्या दारापर्यंत जाऊन पोचते! १९४८ च्या कारखाने अधिनियमाने व्यवसायजन्य रोगाची खबर सरकारला देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. पण ज्या रोगाची नोंदच खोट्या नावाने झाली, त्याचे दप्तर चाळीस वर्षे सांभाळून श्रमिकाच्या पदरात काय पडणार?

कारखाना बंद झाला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यावर रोग प्रकट व्हायला वीस-तीस वर्षेही लागतात. घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातील कारखान्यांच्या जागी आज निवासी मनोरे आणि मॉल उभे आहेत. जमिनीची किंमत मालकांनी वसूल केली, फुप्फुसांची किंमत कामगार आजही आपल्या खोलीत बसून मोजतो आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ सहानुभूतीवर थांबू नये. वस्तीवस्तीतील निवृत्त कामगारांच्या याद्या करा. प्रत्येकाचे खाते, त्याची धूळ आणि वर्षे लिहून घ्या. रुग्णाच्या केसपेपरवर कामाचा इतिहास नोंदवलाच पाहिजे, ही मागणी घेऊन महापालिकेच्या दवाखान्यावर धडक द्या. रोगाचे खरे नाव मिळवणे ही भरपाईच्या लढ्याची पहिली पायरी आहे.