माशाचा श्वास आणि पंपाचा हिशेब

वाचकहो, गेल्या अंकात आम्ही घराच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं. त्यावर मंडळातल्या दोघा-तिघा मासेमार मित्रांनी आम्हाला गाठून सांगितलं, "गच्चीवरची टाकी झाली, आता बोटीतली घ्या. आम्ही पकडलेला हामूर अर्ध्या तासात उताणा का होतो ते सांगा." आमचा धंदा पंप आणि पाइपांचा. त्यामुळे प्रश्न आमच्या अंगणातलाच आहे.

आधी ज्यांना मासेमारीत गम्य नाही त्यांच्यासाठी थोडं प्रास्ताविक. बोटीत जिवंत मासा ठेवायच्या टाकीला लाइव्हवेल म्हणतात. तिचा खरा गाजावाजा झाला अमेरिकेत, तिथल्या बास माशाच्या स्पर्धांमुळे. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि १९७२ पासून "पकडलेला मासा मारू नका" असा आग्रह धरला. मासा दिवसभर टाकीत जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. मेलेल्या माशाला गुण कापले जाऊ लागले, तेव्हा बोटी बांधणारेही टाकीचा नीट विचार करू लागले. आम्ही अमेरिकेत एम.एस. करत असताना टीव्हीवर या स्पर्धा लागत, आणि एवढा खटाटोप माशासाठी, याचं आमच्या कोकणी रूममेटला फार हसू येई.

पण खरं म्हणजे आपल्याला यात नवं काही नाही. रायगडात पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतली जिताड्याची पिल्लं पकडून घरच्या तळ्यात वाढवायची पद्धत जुनीच. जिताडा म्हणजेच आशियाई सी-बास, तेव्हा नात्याने तो बासचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. कलकत्त्याहून रोहू-कटल्याचं बीज मातीच्या हंड्यांतून रेल्वेने देशभर जायचं, तेव्हा सोबतची माणसं वाटेत हंड्यातलं पाणी हाताने सारखं हलवत राहायची. हात थांबला की बीज गेलं. म्हणजे एरेटर होता, फक्त तो विजेवर चालत नव्हता इतकंच.

आता मुद्द्यावर येऊ. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो, आणि पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. आपल्या कतारच्या किनाऱ्यावरचं पाणी साध्या समुद्रापेक्षा खारट, लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर मीठ. हिवाळ्यात ते २० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा साधारण ७ मिलिग्रॅम मिळतो. ऑगस्टमध्ये तेच पाणी ३४-३५ अंशांवर जातं आणि आकडा येतो साडेपाचावर. त्यातून गंमत अशी की पाणी १० अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे आवक घटली आणि खर्च वाढला. महिनाअखेरीला आपल्यापैकी पुष्कळांना हे गणित समजावून सांगायला नको!

चला, हिशेब मांडू. टाकी १०० लिटरची, पाण्यात लिटरमागे ५.५ मिलिग्रॅम प्राणवायू. तो ३ पर्यंत उतरला की मासा कासावीस होतो असं धरू. म्हणजे वापरण्याजोगा साठा लिटरमागे २.५, एकूण २५० मिलिग्रॅम. टाकीत ५ किलो मासे आहेत आणि झटापट करून दमलेला मासा गरम पाण्यात किलोमागे तासाला ३०० मिलिग्रॅम ओढतो असं समजू. तासाला झाले १५००. तर २५० मिलिग्रॅम पुरणार किती वेळ? फक्त १० मिनिटं! टाकी भरून झाकण लावलं आणि चहा घेत बसलं, की चहा संपेपर्यंत मासा संपतो तो असा.

उपाय पहिला, ताजं पाणी. आत येणारं पाणी ५.५ चं आणि बाहेर जाणारं ४.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर दर लिटर पाणी १ मिलिग्रॅम देतं. तासाला १५०० लिटर लागणार. बाजारात ५०० गॅलनचा पंप मिळतो, म्हणजे तासाला सुमारे १९०० लिटर. कागदावर पुरतो. पण बरं का, डब्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळतो. मीटरभर चढ, दोन-तीन बाक, लांब बारीक वायर आणि उतरलेली बॅटरी, एवढं जमलं की हातात बराच कमी प्रवाह पडतो. म्हणून पंप एक आकार मोठा घ्यावा, वायर जाड घ्यावी, आणि बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून घड्याळावर मोजावं. बादली कधी खोटं बोलत नाही.

उपाय दुसरा, हवा. इथे बुडबुड्याचा आकार महत्त्वाचा. तेवढीच हवा दहापट बारीक बुडबुड्यांतून सोडली की तिचा पाण्याशी लागणारा पृष्ठभाग दहापट होतो. म्हणून उघड्या नळीने नुसती बुडबुड करण्यापेक्षा बारीक छिद्रांचा दगड बरा. काही जण शुद्ध प्राणवायूचा सिलिंडर ठेवतात. हवेत प्राणवायू जेमतेम २१ टक्के, त्यामुळे शुद्ध वायूने पाण्यात जवळजवळ पाचपट मावू शकतो. पण पेट्रोलच्या बोटीवर, उन्हात, सिगरेट ओढणाऱ्या मित्रांच्या संगतीत प्राणवायूचा सिलिंडर? आम्ही तरी त्या बोटीवर येणार नाही.

तिसरी गोष्ट बर्फ. सुट्टा बर्फ टाकीत टाकू नये. तो वितळून पाण्याचा खारटपणा बिघडवतो, आणि नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही येतं. बाटल्यांत गोठवलेलं पाणी बंद बाटलीसकट सोडावं आणि तापमान हळूहळू चार-पाच अंशांहून जास्त उतरवू नये. अमेरिकन मासिकांत टाकीत मीठ टाकायचा सल्ला असतो. तो गोड्या पाण्यातल्या बाससाठी. आपल्या समुद्रातल्या माशाला मिठाची काय कमी? वर आणखी मीठ म्हणजे छळच.

आणि टाकीतल्या माशाचं उत्सर्जनही टाकीतच असतं. कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि गरम पाण्यात त्याचा विषारी भाग वाढतो. नुसत्या हवेने तो जात नाही, त्यासाठी पाणीच बदलावं लागतं. म्हणून हवा आणि ताजं पाणी ही जोडी हवी, दोन्हींतलं एक नव्हे.

आता हे सगळं कशासाठी? मासा खायचाच असेल तर तो झटपट मारून बर्फात ठेवावा, चवही चांगली राहते. पण लहान हामूर परत सोडायचा असतो, तिथे खरी परीक्षा. हामूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू किंवा गोब्रा यांच्याच घरातला. तो जन्माला मादी म्हणून येतो आणि पुढे मोठा झाल्यावर काही माद्यांचे नर होतात. जिताड्याचं नेमकं उलटं, आधी नर आणि मग मादी. म्हणजे हामूर मोठे तेवढे उचलले की नर कमी पडतात, लहान तेवढे उचलले की पुढची पिढीच राहत नाही. आखातात या माशावर ताण फार आहे. कतारमध्ये अल खोरजवळ रास मतबख इथल्या केंद्रात हामूरची पिल्लं वाढवून समुद्रात सोडतात. सरकारने पिल्लं सोडायची आणि आपण सोडलेला मासा पाण्यावर उताणा तरंगायचा, याला अर्थ नाही.

सोडतानाही एक खुबी आहे. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून तिथून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगून तिप्पट होते. कधी जठर तोंडातून बाहेर येतं. ते टोचू नये, ती हवेची पिशवी नव्हे. असा मासा टाकीत ठेवूच नये. उलट्या, बिनकाट्याच्या गळाला वजन बांधून त्याला हलकेच खाली पोचवावं. तिथे दाबाने पिशवी आपोआप आकसते आणि मासा गळातून सुटून निघून जातो.

बाकी सूचना थोडक्यात. हात ओले करूनच मासा धरावा, अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत आहे. टाकीत गर्दी नको. झाकण लावून अंधार केला की मासा शांत राहतो आणि प्राणवायूही कमी खातो, पण पंप चालू आहे याची खात्री करूनच. परवाना आणि माशाच्या आकाराचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत, ते बदलत असतात.

ज्यांनी बादलीने पंपाचा प्रवाह मोजून पाहिला असेल, त्यांनी आकडे आमच्याकडे जरूर पाठवावेत. डब्यावरचा आकडा आणि बादलीतला आकडा शेजारी शेजारी छापायची आमची इच्छा आहे. पुढच्या अंकात उन्हाळ्यात गाडीची बॅटरी अचानक का मान टाकते, त्याबद्दल. तोवर हिवाळ्याच्या सहलींना शुभेच्छा, आणि गळाला लागलेल्या लहान हामूरलाही!