मुक्त आणि मोफत

मराठीच्या अभ्यासकाला ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांतला फरक सांगावा लागू नये. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द, म्हणून १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना तो जन्मभर समजावत बसावे लागले. आपल्याकडे दोन शब्द आयते आहेत. तरी आपण मोफत तेवढे उचलले. वाङ्मयचौर्यावर व्याख्यान द्यायचे आणि त्याची टिपणे विंडोजच्या चोरीच्या प्रतीवर टंकित करायची, यात विसंगती कोणाला वाटत नाही.

धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. त्यांच्या कवितांवरील लेखकहक्काची मुदत केव्हाच संपली. कोणीही त्या छापाव्या, वाटाव्या. लिनक्सने मुदत संपण्याची वाट पाहिली नाही. लिहिणाऱ्यांनी हयातीतच, जीपीएल परवान्याने, नक्कल करण्याचा, वाटण्याचा आणि संहिता बदलण्याचा हक्क देऊन टाकला. पाठभेदांवर ज्यांची उपजीविका चालते त्यांना हे कळू नये?

‘आमच्या गावात हे मिळणार कोठून’ ही सबब जुनी आहे. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या तबकड्या मागणाऱ्याला टपालाने फुकट घरपोच येत. आता आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लिनक्स मिंटची आयएसओ फाइल उतरवावी आणि बलेना एचरसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती कॉपी करून भागत नाही, बहुतेकांची पहिली फसगत इथेच होते. शिवाय पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. मग संगणक त्यावरूनच सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता सारी प्रणाली चालते. देवनागरी लिहून पाहावी, प्रिंटर जोडून पाहावा. नाही रुचले तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा. गावात एकाने फाइल उतरवली तरी दहाजणांना देता येते, आणि तेही राजरोस.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी यंत्रे भंगारात काढण्यापूर्वी एवढी खटपट करायला काय हरकत आहे? चार जीबी मेमरीच्या यंत्रावर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते.

जुनी डीटीपी आज्ञावली तिच्यावर सहसा चालत नाही, हा आक्षेप मात्र खरा. पण त्या टंकांतला मजकूर, तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर निरर्थक चिन्हेच दाखवतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आपले प्रबंध अजून त्या कुलुपात का?

आणि मेन्यूंतले मराठी कृत्रिम आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढेच विचारू: विंडोजमधला शब्द खटकला तर फार तर तक्रार करता येते, इथला खटकला तर स्वतः बदलता येतो. मग मराठीचा प्राध्यापक बदलायला कधी बसणार?