चिठ्ठी वैद्याची की दुकानाची?

रोग्याची परीक्षा कशी करावी, याचे उत्तर वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त तीन शब्दांत दिले आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याला पाहावे, हात लावून तपासावे आणि विचारावे. वैद्यकाची साधने कितीही बदलली, तरी निदानाचा हा पाया ढळलेला नाही. दूरध्वनीवरून अथवा मोबाइलच्या पडद्यावरून औषध लिहून देण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तीही याच कसोटीवर पारखून घ्यावयास हवी.

या पद्धतीला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील माणसाला तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा, तर दिवसाची मजुरी सोडावी लागते. अशांसाठी दूरस्थ सल्ला ही चैन नव्हे, गरज आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारे १० कोटी सल्ले दिले गेले. ही गरज खरी असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

धोकाही तितकाच खरा आहे. कोकणातील एका प्रसूत महिलेच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर उपस्थित नसताना दूरध्वनीवरून उपचार सांगितले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. दूरस्थ सल्ल्याच्या मर्यादा कोणत्या, याविषयी तेव्हा स्पष्ट नियमच नव्हते. ते आले २५ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीत.

या मार्गदर्शक तत्त्वांची रचना विवेकी आहे. पॅरासिटामॉल, जलसंजीवनी यांसारखी निर्धोक औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधांसाठी पहिला सल्ला दृक्‌श्राव्यच हवा. काही औषधे, ज्या रुग्णाला त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष तपासले आहे, त्यालाच देता येतात. अनुसूची ‘एक्स’मधील औषधे तर लिहूनच देता येत नाहीत. म्हणजे दर्शन-स्पर्शन जितके कमी, तितका डॉक्टरचा अधिकारही कमी. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे आणि यंत्राने परस्पर औषध लिहिण्यास मनाई आहे.

मात्र बाजाराने या क्रमाचीच उलटापालट केली आहे. ग्राहक आधी औषध निवडतो, पैसे भरतो. चिठ्ठी नसेल तर विक्रेत्याच्याच व्यवस्थेतून डॉक्टरचा दूरध्वनी येतो आणि दोन-चार प्रश्नांत चिठ्ठी तयार होते. येथे दर्शन नाही, स्पर्शन नाही आणि प्रश्नही नावापुरताच. ही चिठ्ठी निदानातून उपजलेली नसते. ती विक्रीची पावती असते. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीने अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन औषध दुकानदारांवर घातले. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. चिठ्ठीच पोकळ असेल, तर त्या नोंदवहीला काय अर्थ?

उपाय अवघड नाही. औषध विकणाऱ्यानेच डॉक्टर पुरवावा आणि त्याचे मानधनही द्यावे, ही साखळी कायद्याने तोडली पाहिजे. सल्ल्याचे शुल्क वेगळे असावे आणि औषध न देण्याचा डॉक्टरचा निर्णयही तितकाच सन्मान्य मानला जावा. दुसरीकडे उपकेंद्रांतून चालणारी ‘ई-संजीवनी’ बळकट व्हावी. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाची नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो आणि मग दूरच्या डॉक्टरशी बोलतो. पडद्याला जे साधत नाही ते स्पर्शन तेथे दुसऱ्याच्या हाताने का होईना, घडते. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग हाच!

आपणही सजग राहिले पाहिजे. डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? चालू असलेली औषधे, पूर्वी कोणत्या औषधाने झालेला त्रास, गर्भारपण यांची माहिती आपण होऊन द्यावी. छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी अशा वेळी मोबाइल उचलावा तो १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी. डॉक्टर दूर असला तरी चालेल. त्याची जबाबदारी दूर जाता कामा नये.